घरपोच लॅपटॉप रिपेअरवाल्याचं पक्कं बिल : झोहो इन्व्हॉइस वापरून काय वाटलं

झोहो इन्व्हॉइस हे फुकटातलं अ‍ॅप मी सध्या रोजच्या कामाला वापरतोय, आणि एकटा माणूस स्कूटरच्या डिकीत टूलकिट टाकून घरोघरी कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरत असेल तर त्याला हे पुरतं असं माझं मत झालंय. कुठे पुरतं आणि कुठे नाही ते खाली लिहितो, जरा लांबलंय, पण कारण आहे. बिलिंग अ‍ॅपचे जे रिव्ह्यू यूट्यूबवर दिसतात ते सगळे किराणावाला, मेडिकलवाला, कपड्याचं दुकान डोळ्यासमोर ठेवून केलेले, म्हणजे बारकोड स्कॅनर, काउंटर, बाजूला थर्मल प्रिंटर. आमचं काउंटर म्हणजे गिऱ्हाइकाच्या डायनिंग टेबलचा कोपरा. लॅपटॉपचं मागचं झाकण अजून उघडं, काकूंनी चहा आणून ठेवलाय, काका विचारतायत "किती झाले रे?", आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा ठाकुर्लीवरून फोन वाजतोय. त्या दोन मिनिटांत बिल निघालं तर ते अ‍ॅप कामाचं, नाहीतर कितीही फीचर असूदेत.

माझा पट्टा डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, कधी बदलापूरपर्यंत. पार्ट आणायला मुंबईतला लॅमिंग्टन रोड. दुकान नाही. बिल दिलं नाही तरी निम्म्या लोकांना फरक पडत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर "१८०० झाले" लिहिलं की ते जीपे करून मोकळे. पण बाकीचे निम्मे "पक्कं बिल मिळेल का" म्हणतात आणि हेच खरं टिकणारं गिऱ्हाईक. घरून काम करणारी पोरं, कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतात त्यांना. क्लिनिकवाले डॉक्टर. सीएचं ऑफिस. क्लासवाले. सोसायटीचं ऑफिस, जिथे सेक्रेटरीला कमिटीसमोर कागद दाखवायचा असतो. ह्यांना तुम्ही कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं की पुढच्या वेळी ते दुसऱ्याला बोलावतात, तोंडावर काही बोलत नाहीत.

आता लोक प्रोफेशनल बिल म्हटलं की लोगोच्या मागे लागतात. निळा टेम्प्लेट घेऊ का हिरवा, वर माऊसचं चित्र टाकू का. काही फरक पडत नाही त्याने. आमच्या धंद्यात बिल चांगलं की वाईट हे मधल्या ओळींवर ठरतं. "लॅपटॉप रिपेअर – ४५००" असं एका ओळीत लिहिलेलं बिल, वर कितीही झकास लोगो असला तरी, चिटोऱ्याच्या लायकीचंच आहे. त्याच कामाचं बिल असं पाहिजे : व्हिजिट आणि तपासणी ३००, एसएसडी ५१२ जीबी अमुक कंपनी, मॉडेल तमुक, सिरीयल नंबर एवढा, ३०००, जुन्या हार्ड डिस्कवरून डेटा कॉपी ६००, विंडोज इन्स्टॉल आणि ड्रायव्हर ६००. (आकडे उदाहरणाला घेतलेत, माझं रेटकार्ड नाही हे. आणि एसएसडीचा आजचा भाव मला विचारू नका, त्यावर पुढे येतोच.) ह्यात बेरीज तीच येते, पण "नुसतं विंडोज तर टाकलंस, साडेचार हजार कसले?" हा प्रश्न येत नाही. काकांना दिसतं की तीन हजार पार्टचे गेलेत आणि तुझ्या हातात किती राहिले. पार्ट आणि मजुरी वेगळी दाखवायला बरेच रिपेअरवाले घाबरतात, कारण मग गिऱ्हाईक पार्टचा भाव अ‍ॅमेझॉनवर बघतं. बघूदे ना. ऑनलाइनपेक्षा दोनशे जास्त लावले असतील तर सांगायचं की बाबा, बंद पडला तर मी येऊन काढून नेणार, तू कुरिअर करत बसणार नाहीस, त्याचे दोनशे.

झोहोमध्ये हे सगळं बसतं. आयटम एकदा भरून ठेवायचे : व्हिजिट चार्ज, फॉरमॅट, सर्व्हिसिंग आणि थर्मल पेस्ट, हिंज रिपेअर, कीबोर्ड बदलणे मजुरी, वायफाय राउटर सेटिंग वगैरे. मग बिल करताना नुसतं निवडायचं, रेट तिथल्या तिथे कमी-जास्त करता येतो. प्रत्येक आयटमखाली वर्णनाची जागा असते, तिथे मी सिरीयल नंबर टाकतो. कस्टम फील्डही करता येतात, मी "डिव्हाइस मॉडेल" असं एक केलंय, म्हणजे सहा महिन्यांनी त्याच मॅडमचा फोन आला की नाव शोधायचं, कुठला लॅपटॉप, काय केलं होतं, समोर येतं. आणि बिलाला फोटो जोडता येतो. एसएसडी किंवा रॅम बसवायच्या आधी स्टिकरचा फोटो काढून त्याच बिलाला लावून ठेवायचा. ह्याचं महत्त्व वॉरंटीच्या वेळी कळतं. एसएसडीला कंपनीची तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते, पण ती मागायला गेलं की सर्व्हिस सेंटरवाला सिरीयल नंबर बघतो आणि बिल मागतो, आणि गिऱ्हाइकाने तीन वर्षं कागद जपून ठेवलाय असं मी तरी क्वचितच पाहिलंय. माझ्याकडे पीडीएफ आहे, परत पाठवतो, विषय संपला.

वॉरंटीवरून एक सांगायलाच पाहिजे कारण बहुतेक भांडणं इथेच होतात. कंपनीचा सीलबंद पार्ट वेगळा आणि कम्पॅटिबल (मूळ कंपनीचे नसलेले, पण त्यात बसणारे) कीबोर्ड, बॅटरी, अ‍ॅडाप्टर वेगळे. लॅमिंग्टन रोडला ह्यांच्यावर दुकानदार तारखेचा बारका स्टिकर मारून देतो, तो स्टिकर फाटला की वॉरंटी गेली, काहींना तर नुसती चेकिंग वॉरंटी, म्हणजे दुकानात लावून बघ, बाहेर पडलास की तुझं तू. हे सगळं गिऱ्हाइकाला तोंडी सांगितलेलं ते विसरतं (आणि खरं सांगायचं तर विसरणारच, त्याला काय करायचंय). म्हणून ओळीतच लिहायचं : "बॅटरी कम्पॅटिबल, ६ महिने बदलून, फुगल्यास/पाणी गेल्यास नाही." मजुरीला ३० दिवस, आणि तेही त्याच कामाला. फॉरमॅट करून दिल्यावर तीन आठवड्यांनी स्क्रीन गेली तर ते माझ्या ३० दिवसांत येत नाही, हे वाक्य माझ्या खालच्या अटींमध्ये जवळपास असंच आहे. झोहोमध्ये अटींचा मजकूर एकदा सेट केला की प्रत्येक बिलावर येतो. माझ्या चारच ओळी आहेत : वॉरंटी, डेटाची जबाबदारी गिऱ्हाइकाची आणि बॅकअप लेखी सांगितला तरच, सॉफ्टवेअरचं लायसन्स गिऱ्हाइकाचं, आणि काढलेला जुना पार्ट परत दिला. शेवटची ओळ वाचून लोकांना बरं वाटतं. "माझा ओरिजिनल पार्ट काढून घेतला" ही शंका प्रत्येकाच्या मनात असतेच, बोलत नाहीत एवढंच.

लायसन्सची ओळ का, तर "विंडोज टाकली" असं बिलावर लिहून दिलं आणि ती विंडोज कुठून आली हे कुणी ऑफिसमध्ये विचारलं तर बिलावर नाव तुमचं आहे. त्यामुळे इन्स्टॉलेशनची मजुरी ही एक ओळ, आणि लायसन्सची की विकत आणून दिली असेल तर ती वेगळी ओळ, तिचं बिल जोडून. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपबरोबर आलेलं लायसन्स असेल तर तसं लिहायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून ह्या कामाचे फोन भरपूर वाढलेत, अर्ध्या जणांच्या मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही नाहीतर प्रोसेसर जुना, त्यांना ११ नीट चढत नाही हे समजावून सांगण्यात अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाचा व्हिजिट चार्ज बिलात दिसायला हवा. काम झालं नाही तरी येणं आणि तपासणं झालंय. पूर्वी "काही केलं नाहीस तर पैसे कसले" म्हणणारे आता नीट "तपासणी, विंडोज ११ साठी पात्रता तपासली, मशीन पात्र नाही" असं छापील आलं की देतात.

अंदाजपत्रक, म्हणजे एस्टिमेट, हे झोहोमधलं माझं सगळ्यात आवडतं. मशीन बघितलं, काय काय लागेल ते एस्टिमेट करून व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकली, त्यांनी "ओके करा" म्हटलं की तेच एका टॅपमध्ये इन्व्हॉइस होतं, परत टाइप करायचं नाही. एस्टिमेटला संपायची तारीख टाकता येते, आणि ही तारीख आत्ता फार गरजेची झालीय. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे सुटलेत, एआयच्या सर्व्हरना सगळी मेमरी चाललीय म्हणतात, एसएसडीही त्याच वाटेने, त्यात आज दिलेला भाव पुढच्या आठवड्यात टिकेल ह्याची लॅमिंग्टन रोडचा होलसेलवालाही खात्री देत नाही. गिऱ्हाईक एस्टिमेट घेऊन "घरी विचारून सांगतो" म्हणतं आणि पंधरा दिवसांनी येतं, "तुम्हीच तर हा भाव दिलात." मग वर तारीख दाखवायची. दोन दिवसांची मुदत टाका, लाजू नका.

मशीन घरी न्यायचं असेल तेव्हा जॉब शीट लागते, म्हणजे काय काय ताब्यात घेतलं त्याची पावती, आणि ती झोहोमध्ये वेगळी नाहीच. दुरुस्तीवाल्यांसाठी बनवलेलं अ‍ॅप नाही हे, कन्सल्टंट, डिझायनर, फ्रीलान्सर अशांसाठीचं आहे, ते मध्ये मध्ये जाणवतं. मी एस्टिमेटलाच जॉब शीट करून टाकलंय : पहिली ओळ शून्य रुपयांची, "लॅपटॉप ताब्यात घेतला", आणि वर्णनात सगळं, चार्जर आहे, बॅग नाही, डाव्या हिंजजवळ तडा आधीपासून, दोन स्क्रू नाहीत, स्क्रीनवर रेघ. पासवर्ड मात्र ह्यात कधीच लिहायचा नाही, ती पीडीएफ कुठे कुठे फॉरवर्ड होईल सांगता येत नाही. जुगाड आहे, पण चालतो.

आता जीएसटी. ह्या विषयावर आमच्या धंद्यात एवढी अफवा आहे की बोलायची सोय नाही. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. संपलं. १८ टक्के लावून आपल्याच खिशात ठेवणं हे सरळ कायद्याच्या विरोधात आहे, नोंदणी नसलेल्याला टॅक्स गोळा करताच येत नाही. तरी काहीजण "बिल मोठं दिसतं" म्हणून सीजीएसटी ९, एसजीएसटी ९ अशा ओळी छापतात, काही अ‍ॅपच्या टेम्प्लेटमध्ये त्या आधीच असतात आणि काढायचं कुणाला सुचत नाही. वर "टॅक्स इन्व्हॉइस" असं मथळ्याला छापून येतं तेही काढायचं, नुसतं "इन्व्हॉइस" किंवा "बिल" ठेवायचं. झोहोमध्ये जीएसटीची नोंदणी नाही असं सेटिंगमध्ये ठेवलं की त्या ओळींची कटकट राहत नाही.

नोंदणी कधी लागते ह्यावर लोक ४० लाख, ४० लाख म्हणत असतात. ते फक्त माल विकणाऱ्यांना. आपण मजुरी घेतो, म्हणजे सेवा देतो, त्यामुळे आपल्याला वर्षाच्या २० लाखांची मर्यादा, आणि त्यात पार्टचीही रक्कम धरायची. हे महत्त्वाचं आहे कारण चार-पाच ऑफिसना नवे लॅपटॉप लावून दिले की हातात काही न राहता उलाढाल भसकन वाढते. नोंदणी नसल्याचा तोटाही आहे, पार्ट घेताना आपण १८ टक्के भरतो ते आपल्या खर्चातच जातात, आणि ऑफिसवाल्या पार्टीला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेला टॅक्स स्वतःच्या टॅक्समधून वजा करायची सोय, मिळत नाही. त्यामुळे सगळं काम कंपन्यांचं असेल तर स्वतःहून नोंदणी घेतलेली बरी. सगळं काम घरगुती असेल तर घेऊ नका, रिटर्न भरत बसाल, काम नसलं तरी निल रिटर्न चुकवता येत नाही. कम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या ठराविक टक्क्याच्या योजनेत, असाल तर सेवेला ६ टक्के, उलाढाल ५० लाखांपर्यंत, आणि मग इन्व्हॉइस नाही तर "बिल ऑफ सप्लाय" द्यायचं, त्यात टॅक्स वेगळा दाखवायचा नाही.

नोंदणी असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी पटकन. कॉम्प्युटर आणि त्याच्या जोडसामानाच्या दुरुस्तीचा सॅक कोड (सेवेचा जीएसटी कोड) ९९८७१३, दर १८ टक्के. पार्ट विकला तर त्याचा एचएसएन, म्हणजे मालाचा कोड, वेगळा, रॅम ८४७३ मध्ये, लिथियम बॅटरी ८५०७ मध्ये. ५ कोटींच्या आत उलाढाल असेल तर कंपनीच्या बिलावर चार आकडी कोड पुरतो, घरगुती गिऱ्हाइकाला नाही टाकला तरी चालतो. आणि ५ कोटींपुढचं ते ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आपल्याला लागू नाही, कुणी त्याचं सॉफ्टवेअर गळ्यात मारायला आला तर चहा पाजून पाठवा.

बिल नंबर. ह्यावर हसू नका. जीएसटीचा नियम असा की नंबर सलग हवा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको, अक्षरं, आकडे, डॅश आणि तिरपी रेघ एवढंच चालतं. नोंदणी नसली तरी हीच पद्धत ठेवा. मी वर्ष आणि पुढे चार आकडी क्रमांक असं ठेवलंय, झोहो आपोआप पुढचा नंबर देतो, १ एप्रिलला फक्त सुरुवातीचं वर्ष बदलायचं. काहीजण नंबर ५०१ पासून सुरू करतात, गिऱ्हाइकाला आपण जुने वाटावं म्हणून. कशाला? सीएला मार्चमध्ये समजावून सांगत बसावं लागतं की पहिली ५०० कुठे गेली.

झोहोच्या आधी एक दुसरं अ‍ॅप वापरलं होतं, नाव घेत नाही, अजून बरेच जण वापरतात. फुकट म्हणून घेतलं. दोन-चार महिने बरं चाललं आणि मग बिलाच्या तळाला त्यांची स्वतःची जाहिरात येऊ लागली, ती काढायची तर वर्षाचे पैसे भरा. मला खटकलं ते वेगळंच, उधारीची आठवण म्हणून गिऱ्हाइकाला मेसेज जायचा तो त्यांच्या नावाने, आणि भाषा अशी की वसुलीवाला दारात उभा आहे. एका डॉक्टर मॅडमनी फोन करून विचारलं, "हे कोण लोक आहेत?" त्यांचं माझ्याकडे फक्त सातशे रुपयांचं बिल होतं आणि तेही आदल्या संध्याकाळचं. त्या दिवशी अ‍ॅप काढलं. शिवाय रिन्यूअलचे फोन. शिवाय एक्सपोर्ट पैसे भरल्याशिवाय नाही, म्हणजे माझीच बिलं मलाच विकत. कुठलंही अ‍ॅप घ्या, आधी ते एक्सपोर्टचं बटण शोधा आणि दाबून बघा.

झोहो पूर्ण फुकट आहे, २०२१ साली त्यांनी ते फुकट केलं. कंपनी चेन्नईची, तीच ती अरट्टई हे मेसेजिंगचं अॅप काढणारी. फुकट का हे उघड आहे, आत आलात की उद्या धंदा वाढल्यावर त्यांचं झोहो बुक्स हे हिशेबाचं सॉफ्टवेअर पैसे देऊन घ्याल. अ‍ॅपमध्ये ते तसं सुचवतातही, पण बिलावर त्यांची जाहिरात घुसवण्यापेक्षा हे परवडलं. रिमाइंडर इथेही आहेत, मजकूर आपण आपल्या भाषेत लिहू शकतो. मी घरगुती लोकांचे बंद ठेवलेत आणि ऑफिसवाल्यांचे चालू. घरगुती गिऱ्हाइकाला आठवण फोनवरच करावी, "काका, लॅपटॉप नीट चालतोय ना?" एवढं विचारलं की पैसे त्यांना आपोआप आठवतात.

ऑफिसवाल्यांचं वेगळं शास्त्र आहे. बिल पाठवलं की "अकाउंट्सला दिलंय" हे उत्तर, आणि मग महिना-दीड महिना शांतता. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची, नोंदणी करून घ्या, सरकारी पोर्टलवर फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर तो एजंट आहे. तो उद्यम नंबर बिलावर छापा. कायद्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून कंपनीने ते वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देतील तेव्हाच धरता येतो. अकाउंटंटला हे पक्कं माहीत असतं. बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख ठळक दिसली की मार्चमध्ये तो स्वतःहून फोन करतो. फक्त लक्षात ठेवा, हे दुरुस्तीच्या सेवेला, नुसता माल घेऊन विकलात तर ट्रेडर म्हणून हा फायदा मिळत नाही. हेही पार्ट आणि मजुरी वेगळी दाखवायचं एक कारण.

एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेतली असेल तर रिकरिंग इन्व्हॉइस लावून द्यायचं, दर महिन्याला किंवा तिमाहीला बिल आपोआप तयार होऊन मेलवर जातं. बिल एका वेळी ३० हजारांच्या वर किंवा वर्षाचं एकूण १ लाखाच्या वर गेलं की कंपनी १ टक्का टीडीएस कापते, एकट्या माणसाला १ टक्काच. त्यामुळे हातात थोडे कमी येतात, ते बुडाले असं समजू नका, पॅन नंबर बिलावर नीट असेल तर रिटर्न भरताना मिळतात. पॅन नसेल तर २० टक्के कापतात, मग बसा बोंबलत.

पैसे घेण्याचं. दुकानवाल्यांचा तो बोलका डबा आपल्या उपयोगाचा नाही, गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये काय डबा घेऊन बसणार. मी क्यूआर कार्ड लॅमिनेट करून टूलबॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलंय आणि बिलाच्या खालच्या नोंदीत यूपीआय आयडी लिहिलेला असतो. पैसे आले का ते आपल्या फोनवर बघायचं, गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर नाही. आले की तिथेच बिलात पेमेंट नोंदवायचं, म्हणजे त्यावर "पेड" लागतं आणि तीच पीडीएफ पाठवायची. कंपनीतून पैसे परत घेणाऱ्या पोरांना ही पेडवालीच लागते, आधी साधी पाठवली तर हमखास पुन्हा मेसेज येतो. यूपीआयने घेतल्याचा अजून एक फायदा, अंदाजित पद्धतीने इन्कम टॅक्स भरणाऱ्याला बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरला तरी चालतो, रोखीवर ८.

कागदाचं काय? छापील बिलबुक मी टाकलेलं नाही, एक डिकीत असतंच. प्रेसवाल्याकडून डुप्लिकेट कार्बनलेस करून घेतलं, पांढरं पान त्यांना, पिवळं आपल्याला. जुन्या इमारतीतल्या तळमजल्याच्या ऑफिसांत रेंज नसते, कधी आपलाच फोन मान टाकतो, आणि काही आजोबांना हातात कागद लागतोच, पीडीएफ म्हणजे त्यांना बिल वाटत नाही. त्या बिलांची मालिका वेगळी ठेवलीय, नंबरच्या आधी "एच" अक्षर, घरी आल्यावर अ‍ॅपमध्ये त्याच नंबराने चढवतो. ब्लूटूथचा छोटा दोन इंची थर्मल प्रिंटर बरेच जण सुचवतात, खिशात मावतो वगैरे. आमच्या कामाला तो मला पटत नाही. थर्मल कागद उन्हात, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, काही महिन्यांत पांढरा होतो, आणि आम्ही त्याच्यावर तीन वर्षांची वॉरंटी लिहून देणार? वडापावच्या गाडीला ठीक आहे.

आता झोहोत काय नाही ते. स्टॉक नाही. म्हणजे बॅगेत किती एसएसडी उरल्या, कुठला अ‍ॅडाप्टर कुणाकडे लावला हे ते सांगत नाही, खरेदीची बिलं ठेवायलाही नीट सोय नाही, खर्च म्हणून टाकता येतात एवढंच. पार्टचा व्यवहार मोठा असेल तर हे अ‍ॅप तुमच्यासाठी नाही, सरळ स्टॉकवालं घ्या. मी स्टॉक गूगल शीटमध्ये ठेवतो, माझा माल एका ड्रॉवरमध्ये मावतो म्हणून जमतं. दुसरं, जुना पार्ट बायबॅकला घेतला, हजाराची जुनी रॅम परत घेऊन बिलात वजा केली, तर ते डिस्काउंट म्हणून दाखवावं लागतं, आणि मग महिन्याच्या शेवटी आपण खरंच किती सूट दिली ते कळत नाही. तिसरं, सेटिंगचा पसारा. पहिल्यांदा उघडलं की प्रोजेक्ट, टाइमशीट, क्लायंट पोर्टल, कितीतरी दिसतं, त्यातलं आपल्याला काही लागत नाही. पहिलं सेटिंग फोनवर करू नका, लॅपटॉपवर बसून करा, फोनवर डोकं फिरतं. मग रोजचं काम फोनवर मस्त होतं.

मराठीचं म्हणाल तर मी आयटमची नावं इंग्रजीतच ठेवलीत, कारण ते बिल पुढे वॉरंटी सेंटरला, सीएला, कंपनीच्या पोर्टलवर जातं. पण पीडीएफबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी मराठीत टाकतो, काय केलं, काय जपायचं, चार्जर कुठला वापरू नका. खरं तर लोक तेच वाचतात, पीडीएफ उघडतही नसतील.

पाचपैकी चार. एक स्टार स्टॉक आणि जॉब शीटचा कापला. एकट्याने काम करणारा, महिन्याला पन्नास-साठ बिलं, पार्ट थोडे आणि मजुरी जास्त, अशाने डोळे झाकून घ्यावं. दोन पोरं हाताखाली असतील आणि दुकान टाकायचा विचार असेल तर आधी सीएला विचारून त्याला जमेल असं सॉफ्टवेअर घ्या, शेवटी मार्चमध्ये ते उघडून बसणार तोच. आणि कुठलंही घेतलंत तरी दर महिन्याच्या शेवटी सगळी बिलं एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर टाका. दिवसभर लोकांना बॅकअप घ्या म्हणून सांगत फिरतो आपण.